वसईच्या चर्चसाठी गोव्याहून करून घेतलेल्या टाइल्स: काम कसं झालं

काम उत्तम झालं. पैसे बाजारभावाच्या कितीतरी वर गेले, कबूल केलेली तारीख टळली, एका गोष्टीवरून माझी आणि त्यांची चांगली खडाजंगीही झाली. तरीही उद्या दुसऱ्या पॅरिशनं, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या धर्मग्रामानं, विचारलं तर मी याच कार्यशाळेकडे बोट दाखवीन. नाव इथे लिहीत नाही, कारण तसं बाईंनीच सांगितलंय. एक बाई आणि त्यांचा भाचा, दोघांचीच भट्टी, गोव्यातल्या मांडवी नदीच्या पलीकडच्या एका गावात. हातात घेतलेली कामंच त्यांना पुरून उरतात. चर्चचं, देवळाचं, जुन्या घराचं खरं काम असेल तर पणजीत फोंतेन्हासमध्ये चौकशी करा, पत्ता मिळतो.

मी वसईचा. वडील गवंडी होते, मी लादीकाम आणि गिलावा करतो. त्यामुळे हे सगळं टाइल बसवणाऱ्याच्या नजरेनं लिहिलंय. चित्र सुंदर आहे की नाही हे कुणीही सांगेल. टाइलची पाठ कशी आहे, कोपरे काटकोनात आहेत का, चुन्याला धरते का, खाऱ्या हवेत झिलई टिकेल का, हे मला बघावं लागतं.

आमचं चर्च समुद्रापासून फार लांब नाही. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, चांगल्या दोन हात जाड. बाप्तिस्माकुंडाच्या मागे कमरेइतक्या उंचीचा टाइल्सचा पट्टा आहे: पांढऱ्यावर निळी वेल, कोपऱ्यात पिवळं फूल. माझा बाप्तिस्मा तिथेच झाला, माझ्या मुलींचाही. या पट्ट्यातल्या कित्येक टाइल्सची झिलई उडाली होती, काही जागी नुसता गिलावा दिसत होता. मधल्या एका दुरुस्तीत कंत्राटदारानं सैल झालेल्या टाइल्स काढून सिमेंटात परत बसवल्या होत्या आणि सांधे पांढऱ्या सिमेंटनं गच्च भरले होते. नुकसान तिथून सुरू झालं. दगडी भिंत जमिनीतली ओल वर ओढते, खारी हवा त्यात मिठाची भर घालते. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडत राहतो, सिमेंट ती अडवतं. अडलेली ओल टाइलच्या पोटात शिरते, तिथे पाणी सुकतं, मीठ मागे राहतं, त्याचे खडे वाढतात आणि झिलईचा पापुद्रा आतून ढकलून देतात. भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, इथे तो चित्रच खातो. जुन्या चुन्यात राहिलेल्या टाइल्स मी पातळ छिन्नीनं सोडवल्या तेव्हा बहुतेक अखंड हातात आल्या. सिमेंटातल्या काढताना टाइल फुटायची, सिमेंट तसंच राहायचं. आपल्या आजोबांच्या काळातली वेल तुकड्या-तुकड्यांनी घमेल्यात पडताना बघणं फार जिवावर आलं.

पॅरिश कौन्सिलनं दोन कामं ठरवली. पट्ट्यातल्या गेलेल्या टाइल्स जुन्यांशी जुळवून नव्या करायच्या, आणि पोर्चच्या भिंतीवर संत गोन्सालो गार्सिया यांचं नवीन पॅनल लावायचं. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झालेले, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झालेले हे आपल्या मातीतले ब्रदर आमच्या भिंतीवर कुठेच नव्हते. ही खंत माझ्या वडिलांनाही होती.

आता नमुन्यांबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ‘हँडपेंटेड’ म्हणून बाजारात जे विकलं जातं त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सगळ्यात स्वस्त ती छापील. तयार पांढऱ्या टाइलवर लेप देऊन चित्र उष्णतेनं उतरवलेलं असतं. भिंगातून ठिपके दिसतात, चावी ओढली की ओरखडा उठतो, उन्हात रंग फिका पडतो. त्याच्या वरची म्हणजे कारखान्याच्या झिलईदार टाइलवर खरोखर हातानं रंगवून ८०० अंशांच्या आसपास परत भाजलेली. घरावरच्या नावाच्या पाटीला ती चांगली. पण रंग झिलईच्या वर बसलेला असतो. टाइल तिरकी धरली की रंगाची जागा वेगळी चमकते, नख फिरवलं तर किंचित कड लागते. आणि जुन्या पोर्तुगीज टाइल्सची जी पद्धत आहे तिच्यात भाजलेल्या मातीवर कथिलाच्या भस्माची पांढरी झिलई चढवतात, ती कच्ची असतानाच तिच्यावर रंगवतात आणि मग दोन्ही एकदमच १००० अंशांच्या आसपास भाजतात. रंग झिलईत मुरतो. घासून जायला तो वर राहतच नाही. शंभर जणांचे हात, मेणबत्त्यांची काजळी, रोजचं ओलं फडकं, हे सगळं सोसायचं असेल तर चर्चमध्ये हीच टाइल हवी.

या बाई तेच काम करतात. नमुना मागवला तर एकाऐवजी दोन टाइल्स आल्या, सोबत चिठ्ठी: ‘एक फोडून बघा.’ मी फोडली. माती आतपर्यंत एकसारखी भाजलेली, मध्ये काळा गाभा नाही, झिलई मातीला घट्ट धरून. दुसरी उकळत्या पाण्यात ठेवली, तिथून काढून थेट गार पाण्यात टाकली, हे परत परत केलं आणि शेवटी तिच्यावर शाई चोळून पुसली. झिलईला केसाएवढा तडा असता तरी शाईनं तो दाखवला असता. काही उमटलं नाही. बाकीच्या ठिकाणांहून आलेल्या टाइल्सपैकी एकही या परीक्षेला उतरली नाही.

ऑर्डर द्यायला गेलो तेव्हा चित्राचं बोलायच्या आधी बाईंनी भिंतीचं विचारलं. “पयलीं वणत, मागीर चित्र” (आधी भिंत, मग चित्र), हे त्यांचं कोकणी वाक्य मला आता पाठ झालंय. भिंत दगडाची की विटेची, गिलावा कशाचा, पायथ्याशी पाणी साचतं का, पन्हळ कुठे सुटते. फादरांना वाटलं बाई काम टाळताहेत. मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी टाइलवाल्यानं योग्य प्रश्न विचारले. त्यांची अट अशी होती: पाऊस संपला की सिमेंटचा गिलावा खरवडून भिंत उघडी टाकायची. मग प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेलं नसेल तरच पुढचं बोलायचं.

नाताळ जवळ आला तरी खालच्या कोपऱ्यात दव धरतच होतं. बाईंना फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, भिंतीच्या आत बघू नका, बाहेर बघा.” बाहेर कुणीतरी कधीकाळी भिंतीला चिकटून काँक्रीट ओतलं होतं. ते फोडलं, चर खणून त्यात खडी भरली, पन्हळीचं पाणी लांब सोडलं, तेव्हा कोपरा सुकला. या कामाचा एक पैसाही त्यांच्या बिलात नाही. पण सगळ्या व्यवहारात सर्वात मोलाचं त्यांनी काय दिलं असेल तर हे. टाइल कितीही चांगली आणा, ओल्या भिंतीवर तिचं आयुष्य भिंत ठरवते.

कौन्सिलमध्ये नव्या पॅनलला विरोध होता, तोही सांगतो. जुन्या चर्चला नवी टाइल लावणं म्हणजे उगाच नटवणं, असं काहींचं म्हणणं होतं. दुसरीकडे पोर्तो शहरातल्या सांतो इल्देफोन्सो या पॅरिश चर्चचा फोटो फोनवर फिरत होता, ‘आपलं असं करा’ म्हणून. बाईंनी त्याच फोटोवरून तिढा सोडवला. ते चर्च बांधून पूर्ण झालं १७३९ मध्ये, म्हणजे चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला त्याच साली. पण त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या सुमारे ११ हजार निळ्या टाइल्स त्या काळच्या नाहीत. त्या जॉर्ज कोलासो या चित्रकाराच्या, १९३२ च्या. जवळजवळ दोनशे वर्षं त्या भिंतीवर टाइल नव्हती आणि आज टाइल्समुळेच जगभरचे लोक ते चर्च ओळखतात. जुन्या वास्तूला नंतरच्या पिढीनं मनापासून आणि नीट केलेलं काम शोभतं, याचा याहून चांगला दाखला मला तरी देता आला नसता.

आणि कोलासोंचं काम बघायला पोर्तुगाल गाठायची गरज नाही. पोर्तोच्या साओ बेंतो रेल्वे स्टेशनातल्या २० हजारांच्या आसपास टाइल्स रंगवणाऱ्या या माणसाची १९३५ ची पॅनल्स पणजीत आझाद मैदानाजवळ इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामध्ये आहेत. वास्को द गामाच्या सफरीवरच्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग त्यांत रंगवलेत. बाईंनी ‘ती बघून या, मगच बोलू’ म्हणून आम्हाला धाडलं. फादर आणि कौन्सिलचे लोक लांब उभे राहून प्रसंग ओळखत होते, मी भिंतीला नाक लावून सांधे बघत होतो. रेघ एका टाइलवर सुरू होते आणि दुसरीवर संपते, मध्ये सांधा आहे हे चार पावलं मागे गेलं की कळतसुद्धा नाही. आमच्या धंद्यात हल्ली सवयीनं तीन मिलिमीटरचे स्पेसर घालतात. न्हाणीघरात ठीक आहे. चित्राच्या टाइलला तेवढी फट दिली तर चेहऱ्याला जाळी मारल्यासारखी होते.

तिथून जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांकडे गेलो. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, बुरुजाचा एक भाग ४६ मीटर उंच अजून उभा आहे, आणि खाली भिंतींवर रंगीत टाइल्स अजून दिसतात. फादर त्या टाइल्सपाशी बराच वेळ थांबले आणि मला म्हणाले, “आपल्याकडे चुनाच वापरा, काय लागेल ते मी कौन्सिलला सांगतो.”

काम चालू असताना बघायला यायला बाईंची ना नसते. जरूर जा. आमच्या जुन्या टाइल्स चौदा सेंटिमीटरच्या आणि बाजारात मिळतात त्या पंधराच्या किंवा मोठ्या. तयार टाइल कापून चालत नाही, वेलीचा मेळ जातो. म्हणून त्या माती स्वतः लाटतात. सुकताना आणि भाजताना मिळून त्यांची माती दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून कच्ची टाइल साडेपंधरा सेंटिमीटरची कापतात. चित्राची रेघ कागदावर काढून तिच्यावर सुईनं भोकं पाडतात, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटतात. आपल्याकडे भोकांच्या साच्यानं रांगोळी काढतात तसंच. कोळशाचे ठिपके भट्टीत जळून जातात.

मग कुंचला. कच्ची झिलई कोरडी, भुकटीची असते, कुंचल्यातलं पाणी टेकताक्षणी पिऊन टाकते. रेघ पुसता येत नाही, दुसऱ्यांदा फिरवली तर दाट होते. आणि कोबाल्टचा रंग भट्टीत जायच्या आधी निळा नसतोच, मळकट काळपट दिसतो. किती पाणी घातलं की भाजल्यावर कोणता निळा येईल हे हाताला ठाऊक असावं लागतं. गोन्सालोंच्या झग्याच्या चुणीची सावली त्यांनी माझ्यासमोर एका दमात ओढली: डाव्या कडेला कुंचला दाबून धरलेला, खाली येता येता दाब कमी, टोकाला जेमतेम केस टेकलेले. श्वास रोखून बघत होतो. बिलाचा आकडा मला तिथे पटला.

पहिल्या कच्च्या चित्रात त्यांनी संतांना मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी धर्मगुरू घालतात त्या पोशाखात दाखवलं होतं. गोन्सालो धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते, त्यांना साधा झगा आणि कमरेला दोरीच हवी. फादरांनी सांगितलं, बाईंनी वाद न घालता नवीन चित्र काढलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. मागे वसईच्या किल्ल्याचा तट हवा म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडून फोटो मागवले आणि तटाचे दगड फोटोतल्यासारखेच लहान-मोठे काढले. असा अभ्यास करून काम करणारी माणसं कमी आहेत.

माल आला तो लाकडी पेट्यांतून, टाइल्स आडव्या न रचता उभ्या ठेवलेल्या, मध्ये पेंढा आणि कागद. प्रवासात एकही फुटली नाही, दोन-चार कडांचे बारीक टवके उडाले तेवढेच. पाठ खरखरीत, चुन्याला धरेल अशी, आणि प्रत्येकीवर माती ओली असतानाच कोरलेली खूण: ओळीचं अक्षर, जागेचा आकडा. जुने पोर्तुगीज कारागीरही पाठीवर अशा खुणा करत. पेन्सिलीचा नंबर पाण्यात भिजवल्यावर जातो, कोरलेला राहतो. बसवणाऱ्याचे किती तास यामुळे वाचतात ते बसवणाऱ्यालाच कळतं.

बसवताना आधी सगळं पॅनल चर्चच्या जमिनीवर मांडून घेतलं. हातानं केलेली टाइल मापाला मिलिमीटरभर इकडे-तिकडे असतेच, तो फरक सूत धरून सांध्यांत वाटून घ्यावा लागतो. टाइल पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, नाहीतर ती चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि चुना तिला धरतच नाही. मुरवलेल्या चुन्याला अडीच-तीन पट चाळलेली नदीची वाळू आणि थोडी विटेची सुरखी. समुद्राची वाळू चुकूनही नको. सांधेही चुन्यानंच भरले. लवकर उरकायची सवय असलेल्या लादीवाल्याला हे काम देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

आता तक्रारी. पॅनल फेब्रुवारीत, संत गोन्सालोंच्या सणाआधी लागायला हवं होतं. आलं ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याच्या तोंडावर. उशिराचं कारण मला पटतं, टाइल घाईनं सुकवली की वाकते. पण तसं कळवायला हवं होतं. दर वेळी आम्हीच फोन करायचा आणि तिकडून ‘भट्टी लागायचीय’ एवढंच उत्तर. सणासाठी मुंबईहून आलेल्या लोकांना कोरी भिंत दाखवताना फादरांना फार वाईट वाटलं.

खडाजंगी झाली ती रंगावरून. पॅनलच्या खालच्या काठाच्या काही टाइल्सचा निळा बाकीच्यांपेक्षा बराच गडद निघाला. बाईंचं म्हणणं, भट्टीत जागेप्रमाणे आच कमी-जास्त लागते, हातकामात हे चालायचंच. पट्ट्यातल्या वेलीत असता तर मीही मान्य केलं असतं, तिथे प्रत्येक टाइल थोडी वेगळी असणंच शोभतं. पण चित्राचा काठ ही एक सलग रेघ आहे, तिच्यात मध्येच रंग बदलला की नजर तिथेच अडकते. मी त्या टाइल्स बसवायला नकार दिला. बऱ्याच बोलाचालीनंतर त्यांनी नवीन करून दिल्या, पैसे न घेता, आणि त्या नेमक्या जुळल्या. म्हणजे जमत होतं. आधीच बाजूला काढायला हव्या होत्या.

शिवाय जादा टाइल्स त्या आपणहून देत नाहीत. वीस वर्षांनी एक फुटली तर तोच निळा कुठून आणणार? मागून घ्या, आणि बिलात लिहून घ्या. वाहतूक किमतीत धरलेली नसते, तेही विचारून घ्या. दर म्हणाल तर छापील टाइलच्या दहापटीच्या वरच पडला. कौन्सिलनं घरटी वर्गणी काढली आणि ती देताना कुणी कुरकूर केली नाही, एवढं नमूद करतो.

एक पावसाळा गेला. रविवारच्या मिस्सेनंतर मी पट्ट्यावर आणि पॅनलवर बोटाच्या पेरानं ठोकत जातो, पोकळ आवाज कुठेही नाही. सर्वात खालच्या ओळीच्या सांध्यांत श्रावणाच्या सुमाराला पांढरी भुकटी आली होती. ती चांगली खूण आहे, मीठ सांध्यातून बाहेर पडतंय, झिलईला हात लावत नाही. कोरड्या ब्रशनं झटकली. साफसफाई करणाऱ्यांना मात्र बजावून ठेवलंय: ॲसिड नाही, लादीचा पांढरा क्लीनर नाही, मऊ ओलं फडकं आणि नंतर कोरडं. सांधे काळे दिसतात म्हणून पुन्हा कुणी त्यांत पांढरं सिमेंट भरायला निघालं तर आधी मला हाक मारायची.

मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंचा पट्टाही आता याच बाईंकडे द्यायचं ठरलंय. या खेपेला देण्याची तारीख, काठाच्या रंगाची अट आणि शेकडा दहा जादा टाइल्स, तिन्ही गोष्टी आगाऊ रक्कम देतानाच कागदावर लिहून घेतल्यात. बाईंनी सही केली आणि विचारलं, वेदीची भिंत सुकी आहे का. प्लास्टिक लावून ठेवलंय.